आरबीआयच्या आकड्यांतून बेस मनी काढायचा कसा, आणि पोट्टे नेमके कुठं घसरतात

आमच्या तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहे, तिथं रविवारी सकाळी मी बँकिंगचा तास घेतो. आधी बरीच वर्षं चेस्ट (आरबीआयच्या नोटा सांभाळायची खोली) असलेल्या शाखेत कॅशमध्ये काढली, त्यामुळं नोटा कुठून कुठं जातात ते डोळ्यानं पाहिलंय. परवा एक साधं गणित फळ्यावर लिहिलं, बेस मनी, म्हणजे अर्थव्यवस्थेतला पायाचा पैसा (आरबीआयच्या तक्त्यात 'रिझर्व्ह मनी'), काढा म्हटलं, आणि सतरा जणांनी सहा वेगळी उत्तरं दिली. बेरीज सगळ्यांची बरोबर होती बरं का, चुकलं काय तर काय मिळवायचं आणि काय नाही. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतो, म्हणजे दर रविवारी तेच ते सांगावं लागणार नाही.

गणित हे होतं, समोर ठेवून वाचा. आकडे शिकवण्यापुरते मनचे आहेत, हजार कोटींमध्ये समजा:

चलनातल्या नोटा ३,६००
चलनातली नाणी ४०
बँकांची आरबीआयकडची शिल्लक ९००
आरबीआयकडच्या इतर ठेवी ६०
बँकांच्या हातातली रोकड १००
सरकारची आरबीआयकडची शिल्लक २००
बँकांनी एसडीएफमध्ये (स्थायी ठेव सुविधा) ठेवलेले ३००

उत्तर लगेच खाली पाहू नका, आधी स्वतः काढा.

## तयारी: वही उघडायच्या आधी

१. 'राखीव' हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थानं येतो, आधी तो वेगळा करा.

निम्म्या चुका इथंच होतात. बँकेच्या ताळेबंदात 'राखीव निधी' असतो, तो मालकांचा पैसा, नफ्यातून बाजूला काढलेला, त्याचा आपल्या मोजणीशी काही संबंध नाही. पेपरात 'परकीय गंगाजळी' येते, ती म्हणजे आरबीआयकडचे डॉलर, सोनं वगैरे, ती आरबीआयची मालमत्ता. आणि आपल्याला पाहिजे ती 'बँकांची राखीव शिल्लक', म्हणजे बँकांनी आरबीआयकडच्या आपल्या खात्यात ठेवलेला पैसा. ही बँकेसाठी मालमत्ता आणि आरबीआयसाठी देणं. एका पोट्ट्यानं मागं गंगाजळीच बेस मनीत मिळवली होती आणि वरून माझ्याशी वाद घातला, काहून की दोन्हीकडं रिझर्व्हच लिहिलंय म्हणे.

२. तक्ता बरोबर घ्या.

आरबीआय दर शुक्रवारी साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी काढते, साइटवर फुकट मिळते. त्यात 'रिझर्व्ह मनी: कंपोनंट्स अँड सोर्सेस' असा तक्ता असतो, तो घ्यायचा. त्याच पुरवणीत आरबीआयच्या देण्या-मालमत्तेचा तक्ताही असतो आणि घाईत पोट्टे तोच उघडून बसतात. त्यातही ठेवी आहेत, 'इतर' नावाची ओळही आहे, पण ती आपल्या तक्त्यातली 'इतर ठेवी' नव्हे. नाव सारखं म्हणून आकडा उचलला की गणित गेलंच.

३. तारीख आणि एकक वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आकडे कोटीत असतात. शुक्रवारी आलेला आकडा त्या शुक्रवारचा नसतो, मागच्या आठवड्याचा असतो, तक्त्यावर तारीख छापलेली असते तीच धरा. एम-थ्री म्हणजे एकूण पैसा पुरवठा मात्र दर आठवड्याला येत नाही, पंधरवड्याला येतो. दोन्ही शेजारी मांडायचे असतील तर तारखा जुळवाव्या लागतात. आणि २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीनं पंधरवड्याची व्याख्याच बदलली. आधी शनिवार ते दुसरा शुक्रवार असा पंधरवडा होता, आता महिन्याची १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर. जुन्या नोट्सवरून शिकवणारे अजून 'एकाआड एक शुक्रवार' सांगतात, जुन्या आकड्यांसाठी ते खरंय, नव्यासाठी नाही.

> तपासा: तक्त्याचं नाव, तारीख, एकक. तिन्ही वहीत लिहिलं नसेल तर पुढं जाऊ नका.

## टप्पा १: चलनातला पैसा

चलनातला पैसा म्हणजे आरबीआयच्या बाहेर असलेल्या सगळ्या नोटा आणि सोबत रुपयाची व त्याखालची-वरची नाणी. नोटा आरबीआयचं देणं आहे, नाणी सरकारचं, पण बेरजेत दोन्ही येतात. आपल्या गणितात ३,६०० आणि ४०, झाले ३,६४०.

आता खरी गोम. 'आरबीआयच्या बाहेर' म्हणजे नेमकं कुठं? हे कळायला शाखेतली स्ट्राँगरूम पहा.

आमच्या शाखेत आत दोन जागा होत्या. एका बाजूला चेस्टची खोली, दुसरीकडं शाखेची स्वतःची तिजोरी. दोन्हीकडं त्याच पाचशेच्या नोटा, शंभर नोटांची गड्डी, दहा गड्ड्यांचं बंडल, बंडल पाच लाखांचं. दिसायला काही फरक नाही. पण चेस्टमधलं बंडल आरबीआयचं, आम्ही फक्त सांभाळणारे, ते चलनात धरलंच जात नाही. आणि चार पावलांवर शाखेच्या तिजोरीतलं बंडल बँकेचं, ते चलनात. दुपारी दोन किल्ल्या लावून चेस्ट उघडायची, बंडलं बाहेर काढायची, रजिस्टरला सह्या, त्याच दिवशी आरबीआयला कळवायचं की इतके काढले, आणि तेवढीच रक्कम बँकेच्या आरबीआयकडच्या खात्यातून वजा. बंडल दारातून बाहेर आलं की झालं चलन.

कापसाच्या हंगामात हे रोज चालायचं. दसरा झाला की जिनिंगवाले, व्यापारी, मजुरीचे चुकारे, सगळ्यांना रोकड पाहिजे. समजा सकाळी चेस्टमधून २ कोटी काढले. चलन २ कोटीनं वाढलं, बँकेची आरबीआयकडची शिल्लक २ कोटीनं कमी झाली. बेस मनी? तेवढाच. फक्त एका खिशातून दुसऱ्यात.

मग एका कास्तकारानं काउंटरवरून ५०,००० नेले. चलन तेवढंच, कारण नोट आधीच चेस्टच्या बाहेर होती. बदललं इतकंच की बँकेच्या हातातली रोकड कमी झाली आणि लोकांकडचं चलन वाढलं. त्यानं त्यातले वीस हजार गावच्या पतसंस्थेत टाकले, पतसंस्थेनं आपल्या कपाटात ठेवले. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या कपाटातला पैसा आपल्या हिशेबात अजून 'लोकांकडचंच' चलन. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या माणसानं ते वीस हजार बँकेत भरले की बँकेची रोकड वाढली. आणि संध्याकाळी जास्तीची रोकड चेस्टमध्ये परत गेली की चलन घटलं, बँकेची शिल्लक वाढली. एवढ्या सगळ्या भानगडीत बेस मनी एका पैशानं हललेला नाही.

> थांबा: 'बँकांच्या हातातली रोकड' चलनाच्या आकड्यात आधीच आहे. ती वेगळी मिळवली की १०० दोनदा धरले. सतरापैकी पाच जण इथंच गेले.

ती वजा कधी करायची? फक्त लोकांकडचं चलन काढताना. ३,६४० वजा १०० म्हणजे ३,५४०. हा आकडा एम-वन (लोकांकडचं चलन आणि मागणी ठेवी) आणि एम-थ्रीसाठी लागतो, बेस मनीसाठी नाही. ज्यांनी बेस मनीत ३,५४० धरले तेही चुकले, पण त्यांची चूक मला जरा समजण्यासारखी वाटते, निदान रोकड कुठं बसते याचा विचार तरी केला.

## टप्पा २: बँकांची आरबीआयकडची शिल्लक

इथं ९०० आहेत ते सरळ घ्यायचे. गडबड होते ती यात काय काय आहे हे न समजल्यानं.

सीआरआर (रोख राखीव प्रमाण) म्हणजे बँकेनं आपल्या देण्यांच्या ठराविक टक्के आरबीआयकडं ठेवायलाच पाहिजे तो भाग, आरबीआय कायदा १९३४ च्या कलम ४२ खाली. त्यावर व्याज मिळत नाही. बँकेनं त्याहून थोडं जास्त ठेवलं तरी तेही याच खात्यात, म्हणून ९०० मध्ये सक्तीचं आणि जास्तीचं दोन्ही आहे. एसएलआर यात येत नाही. एसएलआर (वैधानिक तरलता प्रमाण) म्हणजे बहुतेक सरकारी रोखे, ते बँकेच्याच ताब्यात, आरबीआयचं ते देणं नाही. 'सीआरआर अधिक एसएलआर बरोबर रिझर्व्ह' असं एका गाइडमध्ये छापलेलं मी स्वतः पाहिलंय, ते परीक्षेतल्या दुसऱ्या कुठल्या सूत्रासाठी चालत असेल, बेस मनीसाठी नाही.

एसडीएफ हा सगळ्यात फसवा. एप्रिल २०२२ मध्ये ही सोय आली, बँक जास्तीचा पैसा रात्रीपुरता आरबीआयकडं ठेवते, व्याज मिळतं. पैसा आरबीआयकडंच गेला ना, मग बेसमध्ये का नाही? कारण आरबीआयच्या मांडणीत तो बँकांच्या सीआरआरवाल्या खात्यातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूला, आरबीआयनं बँकांना दिलेल्या पैशातून वजा होतो. रिव्हर्स रेपोचंही (बँका रोख्यांच्या तारणावर आरबीआयला देतात तो पैसा) तसंच. एसडीएफमधली शिल्लक एसएलआरसाठी धरता येते, सीआरआरसाठी धरता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी उत्तर सापडतं. म्हणून ते ३०० सोडा.

> थांबा: सहकारी बँकांबाबत जपून. शेड्यूल्ड नसलेल्या बँका आपला रोख राखीव हिस्सा स्वतःच्या तिजोरीतल्या रोकडीत किंवा चालू खात्यात ठेवू शकतात. म्हणजे बँकेनं सीआरआर पाळला तरी तो सगळा आरबीआयच्या वहीत दिसेलच असं नाही. जिल्ह्याच्या बँकांचे सीआरआर जोडून बेस मनी काढायला जाऊ नका, वरून खाली या, खालून वर नाही.

## टप्पा ३: इतर ठेवी, आणि सरकारचं काय

'इतर ठेवी' म्हणजे काही वित्तसंस्था, प्रायमरी डीलर (सरकारी रोख्यांचे अधिकृत व्यापारी), परदेशी मध्यवर्ती बँका अशांच्या आरबीआयकडच्या ठेवी. रक्कम लहान, आपल्या गणितात ६०. मिळवा आणि पुढं चला.

सरकारच्या शिल्लकेवर मात्र जरा थांबू. केंद्राचा किंवा राज्याचा आरबीआयकडचा पैसा बेस मनीत धरत नाहीत. हे पोट्ट्यांना पटत नाही, कारण सरकारचा पैसा सगळ्यात पक्का पैसा वाटतो. पीएम किसानच्या हप्त्यावरून समजा. २,००० रुपये सरकारच्या खात्यात आहेत तोवर बेसच्या बाहेर. हप्ता सुटला, सरकारच्या खात्यातून गेला, तुमच्या बँकेच्या आरबीआयकडच्या खात्यात आला, की बेस मनी २,००० नं वाढला. उलट जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखेला आगाऊ कर भरला जातो, महिन्याच्या २० तारखेला जीएसटी, तेव्हा बँकांच्या खात्यातून पैसा सरकारकडं जातो आणि बेस मनी तेवढा आकसतो. चेस्टच्या दारात दिवसभर बंडलं आत-बाहेर केली तरी जे होत नाही, ते एका कर भरण्याच्या दिवसात होतं.

## टप्पा ४: बेरीज

३,६०० + ४० + ९०० + ६० = ४,६००.

बस. रोकड धरणाऱ्यांचं ४,७०० आलं, एसडीएफ धरणाऱ्यांचं ४,९००, सरकार धरणाऱ्यांचं ४,८००, रोकड वजा करणाऱ्यांचं ४,५००. एका पोट्टीनं नाणी सोडली, काहून की नाणी आरबीआयची नसतात म्हणे, तिचं ४,५६०. कारण बरोबर, निष्कर्ष चूक. सहावं उत्तर, ४,६००, ते बरोबर.

खऱ्या आकड्यांत चलनाचा हिस्सा एकूण बेसच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून वर दिसायला पाहिजे. तुमच्या बेरजेत चलन निम्मंच येत असेल तर कुठंतरी भलती ओळ उचललीय.

## टप्पा ५: दुसऱ्या बाजूनं ताळा

हा टप्पा सगळे सोडतात. सोडू नका, कारण चूक इथंच सापडते. बेस मनी हे आरबीआयचं देणं, मग त्याच्या समोर मालमत्ता असणारच. तक्त्यात त्याला 'सोर्सेस' म्हणतात. आपलंच गणित त्या बाजूनं:

सरकारला दिलेलं निव्वळ: रोखे १,५०० वजा सरकारची शिल्लक २०० = १,३००
बँकांना आणि इतर व्यापारी क्षेत्राला निव्वळ: दिलेले १५० वजा एसडीएफमध्ये आलेले ३०० = उणे १५०
निव्वळ परकीय मालमत्ता, सोन्यासकट = ४,९००
सरकारचं चलनाचं देणं, म्हणजे नाणी = ४०
वजा आरबीआयची निव्वळ बिगर-चलनी देणी (भांडवल, राखीव निधी, पुनर्मूल्यांकनाचं खातं वगैरे) = १,४९०

१,३०० − १५० + ४,९०० + ४० − १,४९० = ४,६००. जुळलं.

पहा, सरकारचे २०० आणि एसडीएफचे ३०० दोन्ही इथं वजा होऊन बसलेत. म्हणून ते पहिल्या बाजूला मिळवले तर ताळा कधीच जुळणार नाही. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की पाठांतराची गरज राहत नाही.

उणे आकडा पाहून घाबरू नका. बँकांकडं पैसा भरपूर असला, आरबीआय देण्यापेक्षा शोषूनच जास्त घेत असली, की ती ओळ उणे येते, छपाईची चूक नव्हे.

> थांबा: परकीय मालमत्ता वाढली म्हणजे बेस मनी वाढला असं लिहू नका. डॉलर महागला किंवा सोन्याचा भाव चढला तरी रुपयात ती ओळ फुगते, पण आरबीआयच्या पुनर्मूल्यांकनाच्या खात्यातही तेवढीच वाढ होते आणि ते खातं बिगर-चलनी देण्यांत बसतं. आत आलं तितकं वजा झालं. बेस वाढतो तो आरबीआयनं खरोखर डॉलर विकत घेऊन रुपये दिले तेव्हा.

## टप्पा ६: एका बँकेचा सीआरआर मोजायचा असेल तर

बँक परीक्षावाल्यांसाठी हा भाग. एमपीएससीवाले वरवर वाचले तरी चालेल.

क) आधी एनडीटीएल, म्हणजे बँकेची निव्वळ मागणी आणि मुदत देणी. चालू खाती, बचत खाती, मुदत ठेवी, आवर्ती ठेवी, न वटलेले ड्राफ्ट, ठेवींवर साचलेलं व्याज हे सगळं येतं. भागभांडवल, राखीव निधी, नाबार्डसारख्यांकडून घेतलेलं पुनर्वित्त, आरबीआयकडून घेतलेलं कर्ज येत नाही. बँकाबँकांमधलं देणंघेणं आपसात वजावट करून धरतात. बचत खात्याचे दोन तुकडे होतात: सहामाहीतल्या दर महिन्याच्या किमान शिल्लकीची सरासरी मुदत देण्यात, त्याच्या वरचं मागणी देण्यात. कितीही जण सगळी बचत मागणीत टाकून मोकळे होतात. सीआरआरच्या एकूण आकड्याला त्यानं फरक पडत नाही, कारण टक्का दोन्हीवर सारखाच, पण एम-वन काढताना पडतो.

ख) कोणत्या तारखेची एनडीटीएल? आजची नाही. दोन पंधरवडे आधीच्या पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशीची. १६ ते ३१ जानेवारीचा सीआरआर ३१ डिसेंबरच्या देण्यांवर. मधला पंधरवडा हिशेब जुळवायला मोकळा सोडलेला असतो असं समजा.

ग) टक्का लावा. समजा एनडीटीएल ८०,००० कोटी आणि सीआरआर ३ टक्के, म्हणजे रोजची गरज सरासरी २,४०० कोटी.

घ) 'सरासरी' हा शब्द विसरू नका. कुठल्याही दिवशी गरजेच्या ९० टक्क्यांखाली जायचं नाही, म्हणजे २,१६० कोटी. पण पंधरवड्याची सरासरी २,४०० आली पाहिजे. १५ दिवसांची एकूण गरज ३६,००० कोटी. बँकेनं पहिले १० दिवस किमानावर काढले तर झाले २१,६००. उरले १४,४००, दिवस ५, म्हणून रोज २,८८० ठेवावे लागतील.

आता कोणी त्या शेवटच्या पाचपैकी एका दिवसाचा आकडा पाहिला आणि म्हणाला, बँकेकडं ४८० कोटी जास्तीचे पडलेत, कर्ज का देत नाही? तर तो भ्रम आहे, ती मागची उधारी फिटतेय. उन्हाळ्यात दहा दिवस मोटर बंद ठेवून मग पाच दिवस वावर भरून काढणाऱ्याला कोणी पाण्याचा श्रीमंत म्हणेल का? आरबीआय रोज मनी मार्केटचं पत्रक काढते, त्यात बँकांची त्या दिवसाची शिल्लक आणि पंधरवड्याची सरासरी रोजची गरज दोन्ही असतात. एका दिवसावर बोलू नका, पंधरवडा संपू द्या.

## टप्पा ७: वाढ काढताना सीआरआरचा धक्का बाजूला करा

हा टप्पा मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण इथं गणित बरोबर येऊनही अर्थ उलटा लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये सीआरआर साडेचारवरून ४ टक्क्यांवर आला. मग जून २०२५ मध्ये आरबीआयनं आणखी एक टक्का कमी करायचं जाहीर केलं, ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या पंधरवड्यांपासून पाव-पाव टक्का, शेवटी ३ टक्के. बँकांना साधारण अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार होते. म्हणजे पैसा सैल केला. पण तक्त्यात काय दिसतं? बँकांना आता तेवढी शिल्लक ठेवायची गरज नाही, त्या तो पैसा एसडीएफमध्ये टाकतात, रेपोचं (रोखे तारण ठेवून आरबीआयकडून घेतलेलं) कर्ज फेडतात, आणि बँकांची शिल्लक ही ओळ खाली येते. बेस मनीची वाढ मंदावते किंवा आकडा घटतो. आणि आपला विद्यार्थी लिहितो: 'आरबीआयनं पैसा आवळला.' राजेहो, नेमकं उलट!

दुरुस्ती अशी. मागच्या वर्षी याच तारखेला बेस ४,६००, यंदा ४,५००. वरवर १०० नं घट, दोन टक्क्यांहून थोडी जास्त. मधल्या काळात सीआरआर एक टक्का कमी झाला आणि आताची एनडीटीएल २५,००० आहे, म्हणजे २५० मोकळे झाले. ते परत मिळवा: ४,७५०. आता वाढ १५०, म्हणजे सव्वातीन टक्के. आरबीआय स्वतः असा सीआरआर बदलाचा पहिला परिणाम वगळून काढलेला वाढीचा दर देते, तुमचं उत्तर त्याच्याशी लावून पहा.

सीआरआर वाढला असेल तर तेवढंच वजा करायचं. तात्पुरती वाढही विसरू नका. १९ मे २०२३ ला २,००० च्या नोटा मागं घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा ३.५६ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. लोकांनी त्या बँकेत भरल्या, तिथून चेस्टमध्ये गेल्या, चलन उतरलं, बँकांची शिल्लक चढली, आणि ऑगस्टमध्ये आरबीआयनं १९ मे ते २८ जुलै २०२३ दरम्यान वाढलेल्या एनडीटीएलवर १० टक्के जादा सीआरआर लावला, तो ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्यानं काढूनही घेतला. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर असाच जादा सीआरआर लावला होता, तो तर १०० टक्के. अशा महिन्यांची तुलना साध्या महिन्याशी केली की उत्तर वेडंवाकडं येणारच.

> तपासा: दोन्ही तारखांचा सीआरआर शेजारी लिहिलाय का? महिना तोच आहे का? दसरा-दिवाळीच्या चलनाची पावसाळ्याशी तुलना करायची नाही, आणि ३१ मार्चचा आकडा तर एकटा वापरायचाच नाही, त्या दिवशी सगळ्या बँका ताळेबंद सजवून बसलेल्या असतात.

मनी मल्टिप्लायर म्हणजे एम-थ्री भागिले बेस मनी, तो काढताना हेच भान ठेवा. सीआरआर कमी झाला की भाजक लहान होतो, मल्टिप्लायर वाढलेला दिसतो. त्याचा अर्थ त्या आठवड्यात कर्जवाटप वाढलं असा होत नाही.

## टप्पा ८: दुसऱ्या देशांशी तुलना

शक्यतो करू नका. करायचीच तर आधी त्यांची व्याख्या वाचा. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह चलन आणि बँकांची शिल्लक मिळून बेस धरतं, आणि २६ मार्च २०२० पासून तिथं सक्तीचं प्रमाण शून्य आहे, म्हणजे तिथल्या शिल्लकेला 'सीआरआर' म्हणणंच चूक. युरोपची मध्यवर्ती बँक रात्रीपुरत्या ठेवींची सोयही बेसमध्ये धरते, म्हणजे आपण जो एसडीएफ सोडला तसलाच प्रकार तिथं आत येतो. आपल्या गणितात एसडीएफ तसा आत धरला असता तर ४,६०० चे ४,९०० झाले असते. बँक ऑफ इंग्लंडनं तर एम-झिरो नावाचा जुना आकडा २००६ मध्येच बंद केला, तरी जुन्या पुस्तकांतून तो अजून फिरतोय.

## वही कशी ठेवायची

दर आठवड्याला एक ओळ, रकाने नऊ: तारीख, नोटा, नाणी, बँकांची शिल्लक, इतर ठेवी, बेरीज, सोर्सेसकडून आलेली बेरीज, त्या दिवशीचा सीआरआर, शेरा. शेऱ्यात कर भरण्याची तारीख, सण, सीआरआर बदल असलं काही. दोन बेरजांमध्ये फरक आला तर पुढचा आठवडा लिहायचा नाही, आधी फरक शोधायचा, बहुतेक वेळा इतर ठेवी भलत्या तक्त्यातून घेतलेल्या सापडतात. आणि आरबीआयचे ताजे आकडे तात्पुरते असतात, पुढच्या पुरवणीत सुधारून येतात. सुधारलेला आला की जुना खोडायचा नाही, त्याच ओळीत बाजूला नवा लिहायचा, कोणत्या पुरवणीतून घेतला त्याच्या तारखेसकट.